मोहाची पडीत

"साहेब, तुम्ही मोहाच्या पडीतीत भर दुपारी बारा वाजता उभे राहून दाखवाल काय?"

तोंड मयुराचं होतं, पण प्रश्न तिचा नव्हता. आदल्याच दिवशी शाळेत डबा खाताना गार्गी आणि मिनलने तो तिच्या गळ्यात बांधला होता. गार्गी शहरात, धरमपेठेत राहायची. मयुराचं गाव खैरडोह तिनं उमरेड रोडवरच्या पाटीवरसुद्धा वाचलेलं नव्हतं. पण मिनल पडली मयुराच्याच गल्लीतली, आणि तिनं त्या पडीतीच्या गोष्टी अशा काही रंगवून सांगितल्या की गार्गीचा घास हातातच राहिला.

"मग विचार ना त्या बिल्डरच्या माणसाला," गार्गी म्हणाली. "तू तर आता भाषणवाली मॅडम! सगळ्या गावासमोर विचार. हिंमत आहे काय?"

हिंमत नाही असं म्हणायचे मयुराचे दिवस सरले होते. मागच्या वर्षापर्यंत ती हजेरीला इतक्या हळू "उपस्थित" म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशीच एक मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला स्टेजवर ढकललं, आणि ही पहिला नंबर घेऊन खाली उतरली. तेव्हापासून तिला स्वतःचाच आवाज इतका आवडायला लागला की ती बसच्या कंडक्टरशी बोलायची, गल्लीतल्या कुत्र्याशी बोलायची, कोणीच नसलं तर आरशाशी बोलायची. आई म्हणायची, "नळाची तोटीच तुटली हिची."

तर शनिवारची संध्याकाळ होती. ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात सगळं गाव सतरंज्यांवर बसलं होतं आणि पांढऱ्या पडद्यावर अठरा मजल्यांचे सात टॉवर चमकत होते. खाली निळा स्विमिंग पूल, वर 'मोहवन टाउनशिप' अशी हिरवी अक्षरं. कंपनीचे केयूर साहेब सगळ्यांना वाकून वाकून नमस्कार करून राहिले होते. माणूस तसा गोड होता. सरपंच रुपराव विहिरींच्या पाण्यावर बोलले, गुरांच्या वाटेवर बोलले, साहेबांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. आणि मग मयुरा उठली.

तिला वाटलं होतं, हशा पिकेल. पोट्टे शिट्ट्या मारतील. झालं भलतंच. पटांगण असं गप्प झालं की प्रोजेक्टरची घरघर ऐकू यायला लागली. बायकांच्या बाजूला एक हात वर गेला, मग दुसरा, मग दहा. एकेक बाई पदर ओढून दोन्ही कानांवर घट्ट धरत होती. मयुराची आईसुद्धा. शामला लेकीकडे पाहतच नव्हती, तिची नजर सतरंजीवर होती.

"बस खाली, पोरी," रुपराव दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही नाही, बोलू द्या," केयूर साहेब हसले. "का बेटा? काय आहे तिथे?"

मयुराने तोंड उघडायच्या आत सगळं गाव एका सुरात बोललं, पाढे म्हणावेत तसं.

"काही नाही तिथं."

साहेबांचं हसू आणखी रुंद झालं. त्यांनी फायलीतून एक कागद काढून उंच धरला. "मीही तेच म्हणतो. आणि चार वर्षांपूर्वीचा तुमच्या ग्रामपंचायतीचा ठरावही तेच म्हणतो. ऐका. 'सदर ई-क्लास सरकारी जमीन पडीत व रिकामी असून तिच्यावर कोणाचीही वहिवाट नाही, कोणतेही देवस्थान अथवा स्मशान नाही.' मग शासनानं ती आमच्या प्रकल्पाला दिली तर बिघडलं कुठं?"

कागदाची झेरॉक्स होती, तरी मयुराने लांबूनच अक्षर ओळखलं. शेपटीला वेलांटी देऊन काढलेला तो 'क' अख्ख्या गावात एकाच माणसाचा होता. तिचे बाबा वसंत शहरात सदर भागातल्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते आणि गावात काहीही लिहायचं असलं की लोक त्यांनाच बोलवायचे. तिनं मान वळवून पाहिलं. तिसऱ्या रांगेत बाबा मान खाली घालून चपलेचा अंगठा सारखा करत होते.

"उद्या रविवार," साहेब म्हणाले. "बाराला येतो मी. पण एकटा नाही, बेटा. तूसुद्धा चल."

नाल्याच्या पलीकडे अकरा मोहाची झाडं होती आणि त्यांच्याखाली दोनेक एकर जमीन. तिला गाव मोहाची पडीत म्हणायचं. फाल्गुन-चैत्रात आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात, एक फूल कोणी मागं सोडत नाही. या अकरा झाडांखालची फुलं मात्र तशीच पडून राहायची. पिवळी व्हायची, तपकिरी व्हायची, आंबायची. तो गोड, जड वास नाल्याच्या अलीकडे गावापर्यंत यायचा. तिथून जाताना बाया कानांवर पदर घ्यायच्या आणि पाय उचलायच्या. लहानपणी मयुराने शंभरदा विचारलं असेल, "काय आहे तिथं?" उत्तर ठरलेलं. काही नाही तिथं. मग पोरांनी आपापली भुतं बनवून घेतली. मिनलच्या भुताला तर मिशा होत्या.

महिनाभरापूर्वी कंपनीने तिथे चुना टाकून रेषा मारल्या आणि खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खुंट्या उपटून आडव्या ठेवलेल्या सापडल्या. फेकलेल्या नव्हत्या. एकीला लागून एक, ओळीनं, कुशीवर, आणि प्रत्येकीच्या अंगावर वाळल्या गवताची पेंढी पांघरलेली. कंपनीने पुन्हा ठोकल्या. पुन्हा तेच. रुपरावांनी गावातल्या पोट्ट्यांना उभंआडवं झापलं. पोट्ट्यांनी आईच्या शपथा घेतल्या.

रविवारी बाराला नाल्याच्या अलीकडे ही गर्दी. केयूर साहेब गॉगल लावून आले. त्यांच्या ड्रायव्हरने मोबाइल उभा धरला. मयुराने नवा आकाशी कुर्ता घातला होता, व्हिडिओत चांगली दिसावी म्हणून. बाबा घरातून निघालेच नव्हते. आईने दारात एकदाच म्हटलं, "नोको जाऊ वं." का, ते काही सांगितलं नाही, आणि कारण न सांगता दिलेला सल्ला ऐकायचं मयुराने जानेवारीतच बंद केलं होतं.

"पाच मिनिटं," साहेब म्हणाले आणि मधल्या मोठ्या झाडाखाली हाताची घडी घालून उभे राहिले. चार हातांवर मयुरा.

पहिलं मिनिट मजेत गेलं. गार्गीला हे कसं सांगायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, याची ती मनात तालीम करत होती. मग तिच्या लक्षात आलं की उमरेड रोडवरचे ट्रक ऐकू येत नाहीत. एवढा वेळ तर येत होते. कावळे नाहीत. नाल्यापलीकडच्या शंभर माणसांची कुजबुज नाही. वाऱ्यानं पानही हलत नव्हतं, तरी टप करून एक मोहफूल पडलं. मग दुसरं. मोह पहाटे गळतो, उन्हं वर आली की थांबतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ही फुलं भर बाराला पडत होती, आणि पडत होती ती नेमकी तिच्या पायांभोवती.

आणि कुर्ता ओढला गेला.

ओढला म्हणणंही खरं नाही. कोणी ओढलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. उजव्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, कापडाला छोटंसं वजन आलं. बाजारात आईचा हात सुटल्यावर लहान मूल पदर धरतं ना, तसं. मयुराने खाली पाहिलं. कोणी नव्हतं. पण कुर्त्याची कड तिथे चुरगळून गोळा झाली होती, मूठभर. मुठीएवढीच.

तिला ओरडायचं होतं. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज तिनं पोटातून वर आणायचा प्रयत्न केला. आला नाही.

"झाली पाच मिनिटं!" साहेबांनी टाळी वाजवली आणि एकदम ट्रक, कावळे, माणसं सगळी परत आली. "बघा! काही नाही! काही म्हणजे काही नाही!"

मोबाइलकडे पाहून ते हसले, अंगठा दाखवला. पण नाल्यावरच्या छोट्या पुलावर, ड्रायव्हर पुढे गेल्यावर, त्यांनी मयुराला हळूच विचारलं, "बेटा, इथे जवळ अंगणवाडी आहे काय?"

"आहे ना. गावात, मारुतीच्या देवळामागं."

"आज चालू आहे?"

"आज रविवार आहे, सर."

साहेबांनी गॉगल काढला, हातातली पाण्याची अख्खी बाटली तोंडावर ओतली आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ते गावात कधी आले नाहीत. त्यांचा व्हिडिओ मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर आला. 'खैरडोहचं भूत सापडलं नाही!' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मंगळवारी पेपरात बातमी, 'टाउनशिपला विरोध भुताच्या भीतीपोटी?' आणि तहसीलला जनसुनावणी यायला उरले सहा दिवस.

रुपराव स्वतः घरी आले. ओरडले नाहीत, तेच वाईट. खाटेच्या कडेवर बसून म्हणाले, "पोरी, दोन साल झाले आमी पाण्यावर भांडून राहिलो. विहिरी मोजल्या. कोरड्या बोअर दाखवल्या. साहेब लोक ऐकून घेत होते आमचं. काल मी तहसीलात गेलो तं चपराशी हासून म्हणते, 'या, भूतवाले आले.' आता पाण्याचं बोललो तरी लोकाले भूतच ऐकू येईन."

"काका, मले माहीत नव्हतं..."

"तुले काहून माहीत राहीन, बाप्पा," ते म्हणाले, आणि का कोण जाणे, चहा आणणाऱ्या शामलाकडे पाहून गप्प झाले.

मयुरा त्या आठवड्यात कमी बोलली. शाळेत बाईंनी "सांग बरं" म्हटलं की ती उभी राहायची, सुरुवात करायची, आणि मध्येच तिला वाटायचं की कोणीतरी ऐकतंय. समोरून नाही. बाजूनं, खालून, बाकाच्या उंचीवरून. मान वर करून, तोंड उघडं ठेवून, लहान मुलं गोष्ट ऐकतात तसं. वाक्य अर्धं सुटायचं.

"काय झालं बे तुला?" गार्गी म्हणाली. "पैज जिंकली ना तू! पार्टी तर दे."

"तिले भूत लागलं," मिनल हसली. मग मयुराचा चेहरा पाहून हसायची थांबली.

बसमध्ये खिडकीशी बसली तरी ती शेजारची थोडी जागा सोडून बसायची. मुद्दाम नाही, आपोआप. आणि तो आकाशी कुर्ता! आईने तो धुतला, इस्त्री केली. चुण्या गेल्या नाहीत. पुन्हा इस्त्री केली, पाणी शिंपडून. बुधवारी संध्याकाळी मयुरा खोलीत शिरली तेव्हा आई इस्त्री बाजूला ठेवून बसली होती, आणि त्या चुरगळलेल्या कडेवरून एका बोटानं हात फिरवत होती. हळूहळू, केसांतून फिरवावा तसा. लेकीला पाहताच कुर्ता घडी करून कपाटात टाकला. "नाई निघत वं," एवढंच म्हणाली.

गुरुवारी शाळेतून आल्यावर मयुरा दप्तरासकट यमुताईकडे गेली.

यमुताई म्हणजे गावची सुईण. दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली त्याच्या आधीचं निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. आता ऐंशीच्या पुढं गेली होती. नाल्याच्या बाजूच्या शेवटच्या घरात एकटी राहायची आणि लहानथोर सगळेच तिला यमुताई म्हणायचे. ओसरीवर बसून ती चिंचा फोडत होती.

"यमुताई, पडीतीत काय आहे?"

"काही नाही तिथं," यमुताईने मान वर न करता म्हटलं.

"मग मले धरलं कोणी?"

यमुताईचा हात थांबला. "कुठी धरलं?"

"इथं. कुर्त्याले."

"उभी राह्य. किती उंच? बोट लावून दाखव."

मयुराने गुडघ्याच्या वर बोट ठेवलं. म्हातारीने वाकून जमिनीपासून त्या बोटापर्यंत वितीनं मोजलं. मग स्वतःशीच म्हणाली, "मंग उभा राहाले शिकला तो."

दप्तर खांद्यावरून आपोआप खाली उतरलं. "कोण?"

"बस, माय. बस अथी." यमुताईने चिंचांची परात बाजूला सरकवली. "लेकरं हायेत तिथी. दात याच्या पह्यले गेलेली. एवढ्याशा जिवाले जाळत नाई, मातीत ठेवते. बाप लोक खड्डा खोदून मागं सरकत, तोंड फिरवत. मंग मी ठेवो. साऱ्यायले माह्याच हातानं ठेवलं. कोणतं लेकरू कोणत्या झाडाखाली, इचार मले. सांगतो."

"मग सगळे 'काही नाही' काहून म्हणतात?"

"नाई म्हणाव तं काय करावं? कोल्हा ऐकते. रोगराई ऐकते. आईनं एकडाव तोंडानं म्हटलं, 'तिथी माहं लेकरू हाये', का पत्ता लागला तिले. माती उकरते नाई तं मागून आलेल्या लेकराले धरते. म्हून कोणी इचारलं, म्हणाचं, काही नाही तिथं. घरच्यानं इचारलं, तेच. देवानं इचारलं, तेच. म्हणता म्हणता जिभेले सवय लागते, माय. मंग दुसरं निघतच नाई."

"आणि कान?"

"रडणं ऐकू आलं तं पान्हा येते," यमुताई सरळ म्हणाली. "लेकरू गेल्यावर आलेला पान्हा कुठी नेऊन सांडावा बाईनं?"

कुठेतरी एक शेळी ओरडली. मयुराला कितीतरी विचारायचं होतं. शेवटी खुंट्यांचं विचारलं.

"मीच झाकून राहिली. लोकायनं लोखंड ठोकलं त्यायच्या छातीवर. उपटली, निजवली, पांघरलं." यमुताईने चिंचेचा एक चिचोका उचलून पुन्हा परातीत टाकला. "पर पह्यल्या दिवशी मी नोती गेली. मले ताप होता. अंगणात नाई उतरली मी त्या दिवशी."

"तो ठराव..." मयुरा म्हणाली. "बाबांनी लिहिलेला."

"तलाठी आला होता. गावाले इचारलं, काय हाये त्या जमिनीत. साऱ्या गावानं जे म्हणाचं तेच म्हटलं. तुह्या बापानं लिहून घेतलं. पोरी, त्याले नोको बोलू. गावानंच आपल्या तोंडानं लेकरं पुसली."

"मले धरलं तो कोण आहे, यमुताई?"

यमुताईने चिंचांची परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"तुह्या मायले इचार," ती म्हणाली. "मधल्या झाडाखाली हाये."

विचारायला मयुराला तीन दिवस लागले. तीन दिवस! ती, जी आरशाशी बोलायची! शुक्रवारी आईचा मूड नव्हता, शनिवारी बाबांना ऑफिसातून उशीर झाला. खरं म्हणजे ही सगळी निमित्तं होती. रविवारी सकाळी आई अंगणात सुपं मांडून बसली होती. भिवापूरहून, तिच्या माहेरून मिरच्या आल्या होत्या आणि ती देठं खुडत होती. बाबा शेजारी खुर्चीवर, मांडीवर पॅड घेऊन, उद्याच्या सुनावणीसाठी गावातर्फे हरकतीचा अर्ज लिहीत होते. पाण्याचे सहा मुद्दे. सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही.

मयुरा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, मधल्या झाडाखाली कोण आहे?"

"काही नाही तिथं," शामला म्हणाली. श्वास घ्यावा इतक्या सहज म्हणाली. आणि मग तिच्या हातातली मिरची मोडली.

"त्यानं माझा कुर्ता धरला होता, आई. तुला माहीत आहे. तू हात फिरवत होती त्याच्यावर."

बाबांचं पेन थांबलं.

शामलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते पुसता येईना, दोन्ही हात तिखटानं माखलेले. ती तशीच बसून राहिली, हात हवेत धरून. बाबा उठले, आपल्या रुमालानं तिचे डोळे पुसले, एकदा, दोनदा, आणि पुन्हा जाऊन बसले नाहीत. तिथेच उकिडवे राहिले.

"नऊ दिवस होता," आई म्हणाली. "बारसं नाई झालं, म्हून नाव नाई. मी कधी हाकच नाई मारली त्याले. काय म्हणून मारू? तुह्यापेक्षा तीन सालानं मोठा. तू पोटात होती तवापासून मी एकडाव तोंडातून काढलं नाई, तुले काही होऊ नये म्हून. आन् तू त्याच्याच डोक्यावर जाऊन उभी राहिली."

मोठा. मयुराने मनात तो शब्द फिरवून पाहिला. तिच्याहून मोठा, आणि ओंजळीत मावेल एवढा. सतरा वर्षांत फक्त तिच्या गुडघ्यापर्यंत पोचलेला.

"बाबा, मग तुम्ही 'रिकामी' कसं लिहिलं?"

वसंतरावांनी अर्जाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आपल्याच ओसरीवर बसला होता तलाठी. मी पेन घेऊन विचारलं, काय लिहू? सगळे म्हणाले, काही नाही. तुझी आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, ही बोलेल. तिनंही तेच म्हटलं. मग मी लिहिलं." त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली. "त्या दिवशी दोनदा अंघोळ केली मी. संध्याकाळी, थंड पाण्यानं. कोणी विचारलं नाही का म्हणून."

"तर उद्या सांगू ना! खरं काय ते सांगू! सहा मुद्द्यांत एक हाच..."

"नाई!" आई इतक्या जोरात बोलली की सुपावरची चिमणी उडाली. "तू सांगशीन, मंग साहेब म्हणतीन, दाखवा. मशीन आणतीन. खोदतीन. काय सापडन वं? एवढुसा जीव, सतरा सालं मातीत. हाडूक तरी राहिलं असन काय? काही नाई सापडलं मंग? मंग शिक्का मारतीन कागदावर, काही नाही तिथं. मी म्हटलेलं वेगळं. त्यायनं म्हटलं का संपला तो. मंग तो कुठीच नाई."

वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवलं होतं की समोरच्याचा मुद्दा आधी खोडून काढायचा. हा मुद्दा खोडता येत नव्हता. आईचं खरं असू शकत होतं, अक्षरशः सगळं खरं असू शकत होतं. पण नाल्यापलीकडे पिवळी मशीन शुक्रवारीच येऊन उभी राहिली होती, दोन, तोंडं झाडांकडे करून. कोणी बोललं नाही तरी ती खोदणारच होती. फरक एवढाच, की तेव्हा ती माती खोदतील. तिथे कोणी होतं हे त्यांना माहीतही नसेल, आणि बायका पदर कानांवर धरून घरात बसलेल्या असतील.

अंगणात ऊन चढत होतं. मिरचीचा खाट नाकात बसला होता, तिघंही शिंकत नव्हते. मयुराला उजव्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, पुन्हा ते वजन जाणवलं. आज तिनं खाली पाहिलं नाही. नुसता हात खाली सोडला आणि बोटं थोडी उघडी ठेवली. भीती वाटत होती. खोटं कशाला बोला, भयंकर वाटत होती.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज स्टेजवरचा नव्हता, साधा होता, थोडा फाटलेला. "उद्या मी शाळेत जाणार नाही. तुमच्याबरोबर तहसीलला येणार आहे. बाबा, तुम्ही पाण्याचं वाचा. मग मी उभी राहीन आणि सांगेन की त्या जमिनीत माझा सख्खा मोठा भाऊ आहे, नऊ दिवसांचा, मधल्या झाडाखाली, आणि मी त्याची बहीण आहे. यमुताईशी बोलायला आत्ता जातेय. ती आली तर बाकीच्यांची झाडं ती दाखवेल. आई, तुझं नाव मी घेणार नाही. तुला वाटलं तर तू ये, नाही वाटलं तर नको येऊ. पण मी बोलणार आहे."